गुरुवारी न येणारी भरती

कंपनीवाल्याने भिंतीवर चादर लावायला सांगितली, तेव्हाच हिरकणी मनात म्हणाली, आज या घरात काहीतरी झाकलं जाणार.

चादर तिच्याच ट्रंकेतली होती. घरात दुसरी बिनफुलांची चादर नव्हती. विधवेच्या पांढऱ्या चादरीवर आलेख स्वच्छ उठतो, असं कुणी बोललं नाही. पण पुतण्या प्रितेशने खिळा ठोकायच्या आधी तिच्या ट्रंकेकडेच बोट दाखवलं होतं.

डिसेंबरातली सतरा तारीख, सोमवार, दुपारी चारचा सुमार. नरपडच्या वाडीतल्या या घरात सगळे एका खोलीत बसण्याचा असा योग तिचा नवरा हरेश्वर गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, चौथ्यांदा आला होता. पहिले तीनही श्राद्धाचे. आज निमित्त जिवंत होतं. चिकूची वाडी स्मार्ट करायची होती. म्हणजे गेली शंभर वर्षं ती मठ्ठ होती, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि वाडीला कुणी विचारलं नव्हतं.

तसं या घराण्याचं खोटं पचवण्याचं पोट मोठं. मूळपुरुषाने म्हणे गोऱ्या साहेबाला असा चिकू नजर केला, की तो कापायला साहेबाने सुतार बोलावला. बियांचे पुढे म्हणे साहेबाच्या मडमेने दोन पाट करून घेतले बसायला. ही गोष्ट चार पिढ्यांनी चुळबूळ न करता ऐकली होती. मग नाशिकहून आलेला एक टायवाला जमीन बोलते म्हणाला, तर त्यात ऐकणाऱ्यांना जड काय होतं?

"जमीन आता बोलणार, सर," कंपनीवाला म्हणाला. "तिला तहान लागली, की ती तुमच्या मोबाइलवर सांगणार."

"बोलू द्या," अमृतभाऊ म्हणाले. "आमच्या घरात जमीन सोडून बाकी सगळे बोलून दमलेत."

हसला तो फक्त कंपनीवाला. अमृतभाऊ म्हणजे हरेश्वरचा धाकटा भाऊ, हिरकणीचा दीर, वाडीचा कारभारी आणि गावच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष. दर दोन ऑक्टोबरला ते पाड्यावर जाऊन दारूच्या दुष्परिणामांवर पाऊण तास बोलत. पाड्यावरचे लोक ऐकून घेत. माणूस शेठ असला की त्याचं काहीही ऐकून घ्यावं लागतं.

त्यांचा मुलगा प्रितेश वापीच्या कारखान्यातली नोकरी सोडून आठ महिन्यांपूर्वी घरी आला होता. वाडीचे सात पट्टे, चौदा सेन्सर, प्रत्येक पट्ट्याला मोबाइलवर उघडणारा एक व्हॉल्व्ह, मधे सगळ्यांना जोडणारी एक पेटी, असा आराखडा त्याने रंगीत छापून आणला होता. त्याची बायको जागृती हिने त्याचे तक्ते टाइप केले होते. चुका तिने सुधारल्या होत्या. शाबासकी मात्र वाटेत कुठेतरी नवऱ्याने उतरवून घेतली होती.

"हा आपला डेमो," कंपनीवाल्याने चादरीवरच्या निळ्या रेघेवर पेन टेकवलं. "पेटी, समुद्राकडचे व्हॉल्व्ह आणि एक सेन्सर बसवून, एक तारखेपासून सोळा तारखेपर्यंत. समुद्राकडच्या पट्ट्यातली जमीन. बघा, संध्याकाळी सहा-दहा झाले की ओलावा एकदम वर. रात्रीतून खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. व्हॉल्व्ह तर बंद. मग हे पाणी आलं कुठून?"

दारात उकिडवा बसलेला वाडीचा जुना गडी जिव्या स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे असा बघू लागला, जणू तो आजच उगवला होता.

"समुद्र!" कंपनीवाल्याने स्वतःच उत्तर दिलं. "भरतीचं पाणी आतल्या आत रेतीतून चढतं आणि ओल वरपर्यंत येते. निसर्गाचं फुकट ड्रिप आहे तुमच्याकडे, सर!"

"भरती!" अमृतभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "भरतीच ती. मी तर म्हणतच होतो."

इतक्या घाईने त्यांनी जन्मात कुणाला दुजोरा दिला नव्हता. कारण सेन्सरची ती सळई जिथे रोवली होती, तिथे समुद्राकडच्या टोकाला एक शिंदीचं झाड होतं. वेवजीचा चैत्या त्या झाडाच्या बुंध्याशी रोज संध्याकाळी ताडीचं एक मडकं झाकून ठेवी. आणि व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष रोज सहाच्या सुमाराला फिरायला म्हणून तिकडे जात. पहिला घोट धरतरीचा, हे तीस वर्षांपूर्वी त्यांना जिव्यानेच शिकवलं होतं. वारल्यांची रीत ती. आपण प्यायच्या आधी भुईला द्यायचं. अमृतभाऊंनी ती रीत घरंदाज करून वाढवली होती. एक धार धरतरीची, एक वडिलांची, एक हरेश्वरदादाची. मग पिणं. मग घरी वास जाऊ नये म्हणून तांब्याभर पाण्याने पेला विसळणं आणि सात चुळा. हे सगळं सळईपासून वीतभर अंतरावर पडत होतं.

सळई रोवली त्या दिवशी जिव्या म्हणाला होता, "तथं नका खोसूं, दादा. ती जागा बरी नाय." का बरी नाही, ते सांगणं शक्य नव्हतं. प्रितेशने उपग्रहाच्या नकाशावर बोट ठेवून त्याला सांगितलं होतं, "जिव्या, हे तुझ्या डोक्यापलीकडचं आहे." जिव्याने लगेच मान्य केलं होतं. डोक्यापलीकडचं ते खरंच होतं, पोटातलं होतं.

"तर त्यामुळे," प्रितेशने चादरीवर पुढचा तक्ता आणला, "समुद्राकडच्या तीन पट्ट्यांना पाणी जवळपास शून्य. तिथलं पाणी आपण वरच्या चार पट्ट्यांना वळवू."

समुद्राकडचे तीन पट्टे. हिरकणीने चष्मा पुसला. विहिरीपासून समुद्रापर्यंतचं दादाचं, असं दोघा भावांचं बोलून ठरलेलं होतं. कागदावर काही नव्हतं. सातबारा आजही सगळ्यांचा एकत्र होता. त्या तीन पट्ट्यांतली नव्वद झाडं हरेश्वरने स्वतः कलमं बांधून लावली होती. तो गेल्यावर तिच्याकडे त्याचं म्हणून जे काही उरलं, ते तेवढंच.

तक्त्यातला शेवटचा रकाना तिने दोनदा वाचला. संपर्क क्रमांक. सातही ओळींत एकच नंबर होता.

"हा कुणाचा नंबर?"

"माझा, वहिनी," अमृतभाऊ म्हणाले. "कारभार एका हातात बरा."

"आणि दुसऱ्या कुणाला पाणी सोडायचं असेल तर?"

"सुटणार नाही, आई," कंपनीवाला आनंदाने म्हणाला. "तीच तर सिक्युरिटी आहे! ज्याचा नंबर, त्याच्याच मोबाइलवरून व्हॉल्व्ह उघडणार. हाताने फिरवायची चावी आम्ही काढूनच टाकतो."

"मग माझ्या तीन पट्ट्यांवर माझा नंबर घाला."

चादरीवरची रेघसुद्धा दचकल्यासारखी हलली. चादरीमागे पंखा होता, पण निमित्त या वाक्याचं झालं.

"माझं, तुझं कुठून आलं, वहिनी?" अमृतभाऊंनी आवाज मऊ केला. या घरात आवाज मऊ झाला की काहीतरी हातातून जातं, हा सर्वांचा अनुभव होता. "वाडी एक आहे. आज नंबर वेगळे केले, की उद्या लोक म्हणतील वाटणी झाली."

"नंबर एकच असला, तरी झालीच की. सगळी तुमच्या वाट्याला."

"मोठी आई, इमोशनल नको होऊस," प्रितेश म्हणाला. "डेटा बघ. तुझ्या झाडांना पाण्याची गरजच नाहीये."

"चहा टाकते," असं म्हणून जागृती उठली. ही सून दोन वर्षांत एक शिकली होती. या घरात खरं बोलायचं असेल तर ओट्याशी बोलावं.

हिरकणी तिच्या मागोमाग आत आली. मागच्या दाराशी जिव्या आधीच येऊन उभा होता. बोलला काही नाही, फक्त मूठ उघडली. मुठीत गळलेली चिकूची फुलं आणि वाटाण्याएवढी फळं होती.

"दर्याकडच्या झाडांनी टाकलं, मोठी बाय. सोळा दिवस पाणी नाय. मूठ वळली तर माती अशी सुटते, जशी राख."

"आणि मशीन सांगतंय ओल आहे."

"ओल हाय. सळईपाशी हाय." जिव्याने मूठ मिटली. "सळईपाशीच हाय."

याहून जास्त तो बोलणार नव्हता. झरीहून पोरवयात या वाडीत आलेला माणूस. हरेश्वरच्या कलमांना त्यानेच शेण लिंपलं होतं आणि अमृतशेठना घरापर्यंत खांदा देऊन त्यानेच कितीदा आणलं होतं. एका हातात झाडं, एका हातात शेठ. कुठला सोडायचा, हे त्याला कुणी विचारू नये एवढीच त्याची इच्छा होती.

तो गेल्यावर जागृतीने चहाच्या भांड्यात डोकं घातल्यासारखं करून विचारलं, "मोठी आई, भरती रोज एकाच वेळेला येते?"

हिरकणीने तिच्याकडे बघितलं. मग हसली. अकरा वर्षांत ओट्याशी ती पहिल्यांदा हसली असावी; दूधसुद्धा थबकून मग उतू गेलं.

"तू वाडा तालुक्यातली, समुद्रापासून लांबची, तुला कोण सांगणार? मी वरोरची. आमचं घर बंदराला लागून. वेळा कशा आहेत त्या रेघेच्या?"

"सगळ्या सहा-दहा, सहा-बारा. टाइप करताना वाटलं, समुद्र फारच वक्तशीर आहे. आणि दोन दिवस रेघ सपाट आहे."

"कुठले?"

जागृतीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तारखांवर बोट ठेवलं, मग वारावर. बोट तिथेच थांबलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

गुरुवारी अमृतभाऊंचा दत्ताचा उपास असे. त्या दिवशी ते फिरायलासुद्धा जात नसत.

"मी हे यांना सांगू कसं?" जागृती कुजबुजली. "ते म्हणतील, तू पप्पांच्या विरुद्ध गेलीस."

"तू काही सांगू नकोस. मी विचारीन तेवढ्या तारखा वाच. टाइप तूच केलंयस ना? वाचायला काय हरकत?"

चहा बाहेर गेला. कंपनीवाल्याने बशीत ओतून घेतला आणि बशीसकट कौतुक केलं. हिरकणी तिच्या जागेवर बसली, पदर सारखा केला आणि विचारलं, "साहेब, ही भरती रोज सहा-दहालाच येते?"

"एकदम फिक्स पॅटर्न, आई!"

"कमाल आहे. आमच्या वरोरला भरती रोज दोन घटका पुढे सरकते. आज सहाला आली, तर उद्या पावणेसातला. आठ दिवसांनी मध्यरात्री. होड्या काढणाऱ्यांना विचारा, शाळेतल्या पोरांना विचारा. सोळा दिवस एकाच ठोक्याला येणारी भरती म्हणजे समुद्राने सरकारी नोकरी धरली म्हणायची."

कंपनीवाल्याने बशी खाली ठेवली. नाशिकला समुद्र नाही. त्याने भरती फक्त प्रेझेंटेशनमध्ये पाहिली होती.

"आणि जागृती, रेघ सपाट कुठल्या दिवशी आहे गं?"

"सहा तारीख," जागृतीने कागदावरून मान वर न करता वाचलं, "आणि तेरा तारीख."

"वार?"

"गुरुवार. दोन्ही."

"समुद्रालाही गुरुवार असतो का हो, भावजी?"

अमृतभाऊंनी कप बाजूला सारला. "मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "चायनाचा माल. मला पहिल्या दिवसापासून शंका होती."

"सर, आमच्या सेन्सरमध्ये दोन टक्क्यांच्या वर चूक निघत नाही!" कंपनीवाला दुखावला. "तुमच्या चिरंजीवांनी स्वतः तपासलाय."

"तपासलाय, पप्पा," प्रितेश ताडकन म्हणाला. "मशीन परफेक्ट आहे." आणि म्हणता म्हणता त्याची नजर चादरीवर गेली. सहा-दहा. लहानपणापासून त्याने पप्पांना पावणेसहाला चपला घालताना पाहिलं होतं आणि पावणेसातला वेलदोडा चघळत परतताना. सोळा दिवस. दोन गुरुवार वजा. इंजिनिअर माणूस, गणित सुटायला क्षणभर लागला, पण चेहऱ्यावरचा रंग उडायला तेवढाही नाही. आता मशीन खरं म्हणावं तर बाप जातो, बाप खरा म्हणावा तर नोकरी सोडल्याचं एकमेव कारण जातं. त्याने आशेने बायकोकडे बघितलं. बायको तारखा वाचत होती.

"एखादं जनावर असेल," अमृतभाऊ म्हणाले. "कोल्हा वगैरे. रोज येऊन तिथे..."

"घड्याळ लावून? आणि गुरुवारचा उपास धरून?"

"जिव्याला विचारा! वाडीत तो असतो."

हे बोलले आणि स्वतःच घाबरले. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. जिव्या उभा राहिला. त्याला दिसत होती मुठीतली राखेसारखी माती, आणि अंधारात शिंदीखाली भावाच्या नावाने धार सोडताना रडणारा अमृतशेठ. तेही खोटं नव्हतं.

"बाय," तो हिरकणीला म्हणाला, "धरतरीला जा दिलं, ता धरतरीलाच ठावं. पण दर्याकडची झाडं उपाशी हाईत. ता मना ठावं."

हिरकणीने मान डोलावली. त्याच्याकडून तिला याहून जास्त नको होतं. दिराला नागडं करायचंही तिच्या मनात नव्हतं. चादर तिचीच होती शेवटी, आणि ती त्याला पुरली असती.

"बरं," ती म्हणाली. "भरतीच म्हणू आपण. माझी काही हरकत नाही. पण भरती असेल, तर या घरात भरतीचं कळतं कुणाला? मला. मग त्या पट्ट्यांवर नंबर माझा हवा. आणि भरती नसेल, तर माझी नव्वद झाडं सोळा दिवस कुणाच्या तरी चुकीने तहानलेली आहेत. मग तर माझाच हवा. तुम्ही यांतलं कुठलंही एक निवडा, भावजी. दुसरं मी बोलणार नाही."

अमृतभाऊंनी चादरीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, कंपनीवाल्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना निवडीच्या दोन्ही टोकांना तीच बाई उभी दिसली.

"भरती," ते हळूच म्हणाले. "लिहा. तीन पट्टे. वहिनींचा नंबर."

"काय नंबर आहे, पप्पा?" प्रितेशने लॅपटॉप ओढला.

अमृतभाऊंनी मोबाइल काढला. नावं सरकवली. ट्रॅक्टरवाला, खतवाला, बोर्डीचा दलाल, वजनकाटा, तीन आमदार-इच्छुक, एक न्हावी. पुन्हा वरून सरकवली. एका छपराखाली राहून अकरा वर्षांत त्यांनी वहिनीला एकदाही फोन केला नव्हता. तिला सांगायचं असं त्यांच्याकडे कधी काही नव्हतंच, आणि तिचं ऐकायची तर पद्धतच नव्हती. प्रितेशनेही खिसा चाचपला आणि हात तसाच काढून घेतला.

नंबर टाइप केला जागृतीने. पाठ होता तिला. तीनही ओळींत, न विचारता.

"आईंचा फोन स्मार्ट आहे ना?" कंपनीवाल्याला एकदम आठवलं.

हिरकणीने कनवटीचा फोन काढून दाखवला. बटणांचा, दोन आकडे झिजून गेलेले.

"मग अवघड आहे," कंपनीवाला म्हणाला. अमृतभाऊंच्या चेहऱ्यावर तुळशीपुढच्या दिव्याएवढा उजेड पडला.

"मिस कॉलची सोय आहे की," जागृती म्हणाली. "पुस्तिकेच्या चौथ्या पानावर. पेटीतल्या सिमला मिस कॉल दिला, की व्हॉल्व्ह उघडतो. दुसरा दिला, की बंद."

"ती सोय आम्ही जुन्या लोकांसाठी ठेवलीये, मॅडम. तुमच्यासारख्या प्रगतिशील..."

"मी जुनीच आहे," हिरकणी म्हणाली. "लावून द्या."

कुरकुरत त्याने लॅपटॉपवर चार बटणं दाबली. जागृतीने पेटीचा नंबर सांगितला, हिरकणीने एकेक आकडा दाबला. दोनदा वाजू दिलं आणि तोडलं. जिव्या तर केव्हाच धावला होता. मग वाडीच्या खालच्या अंगाने त्याची हाक आली, वाऱ्याबरोबर तुटत तुटत: "सुटलाऽ! पाणी सुटला, बाऽय!"

प्रितेश वाकून म्हणाला, "मोठी आई, किती मिनिटं ठेवायचं? वीस टाकू?"

"काही टाकू नकोस. जिव्या मूठ वळेल आणि सांगेल."

कंपनीवाल्याने चादर सोडवली. उरलेले तेरा सेन्सर कुठे रोवायचे, हे जिव्याला विचारून कळवू, असं प्रितेशने त्याला दारापर्यंत पोचवताना सांगितलं. पण ते एवढ्या हळू आवाजात, की जिव्याला ऐकू जाऊ नये. जागृतीने कप गोळा केले. आज नवरा तिच्याशी जेवेपर्यंत बोलणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला भूक मात्र छान लागली होती.

घड्याळात पावणेसहा झाले. अमृतभाऊ ओटीवर चपलेपाशी घोटाळले. एक चप्पल घातली. काढली. वाडीच्या खालच्या अंगाने पाण्याचा आवाज येत होता, आळ्यांतून भरून वाहणाऱ्या पाण्याचा. हिरकणी झोपाळ्यावर बसून चादरीची घडी घालत होती. फोन मांडीवर.

"वहिनी," ते खाकरले, "ते संध्याकाळी सहाच्या सुमाराला तेवढं पाणी बंद ठेवत जा. म्हणजे... तिकडे पायाखाली चिखल होतो फार."

हिरकणीने चादरीचं टोक टोकाला जुळवलं.

"मिस कॉल देत जा," ती म्हणाली. "बघीन."